माळावरचं प्रत्येक शिकारी पाखरू घारच असतं का?

माळावरची

नमस्कार मंडळी. गेले चार महिने रोज घरामागच्या माळावर फिरायला जाते. सुरुवातीला नुसतं चालणं होतं, आता मान वरच असते. अडचण अशी की वाकड्या चोचीचं काहीही दिसलं आणि घरी येऊन विचारलं, की एकच उत्तर मिळतं, "घार असेल." बाबा तर आयुष्यभर सगळ्यांना घारच म्हणत आलेत. पण मी बघते ते सगळं घार नाही, एवढं मला नक्की कळतंय.

गेल्या आठवड्यातले तीन सांगते. एक, गवतावर साधारण तीन-चार माणसांच्या उंचीवर हवेत एकाच जागी फडफडत थांबलेला. तिथून थोडा सरकला आणि पुन्हा थांबला. पोटाकडून फिकट, कावळ्याहून जरा लहान. दुसरा तपकिरी, लांब पंखांचा, गवताला जवळजवळ घासून तरंगत गेला. शेपटीच्या मुळाशी पांढरा डाग. तिसरा मला नीट दिसलाच नाही. झाडांतून राखाडी काहीतरी सुसाट गेलं आणि पुढची दोन मिनिटं एक चिमणीही बोलली नाही.

कॅमेरा नाही, एक जुनी दुर्बीण आहे. सुरुवात कुठून करू?

भिरभिरं

पहिली खरूची, दुसरा भोवत्या, तिसरा शिक्रा. धागा मस्त, वाचनखूण साठवली आहे.

सावलीखाली

दुसऱ्या-तिसऱ्याबद्दल सहमत. पहिली मात्र खरूची नाही वाटत. पोट फिकट म्हणतायत, म्हणजे कापशी.

भिरभिरं

@सावलीखाली, हवेत एका जागी थांबणं ही खरूचीची ओळखच आहे. आणि खालून तीही फिकटच दिसते.

दुर्बीणवाले काका

ताई, आधी एक सांगतो, रंग सगळ्यात शेवटी बघा. आकाशाच्या उजेडाविरुद्ध उडणारा कुठलाही पक्षी काळाच दिसतो. त्यात नर-मादीचे रंग वेगळे, पिल्लांचे आणखी वेगळे. रंगावरून सुरुवात केलेला माणूस दोन महिन्यांत कंटाळून सोडून देतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

आकार बघा. पंख लांब, अरुंद आणि टोकदार असतील तर ससाण्यांच्या कुळातला. पंख आखूड, गोलसर आणि शेपूट लांब असेल तर शिक्र्याच्या जातीचा, कारण त्याला झाडाझुडपांतून वळणं घेत जायचं असतं. पंख फळीसारखे रुंद आणि टोकाला पिसं हाताच्या बोटांसारखी फाकलेली असतील तर गरुड किंवा गिधाड. आणि अंग सडपातळ, पंख लांब, तरंगताना ते व्ही अक्षरासारखे वर उचललेले, तर भोवत्या. तुमचा दुसरा पक्षी अगदी असाच असणार.

त्यानंतर उडण्याची ढब. घार शेपूट सारखी डावी-उजवीकडे पिळते, होडीचं सुकाणू फिरवावं तशी. शिक्रा चार-पाच वेळा भरभर पंख मारतो, मग थोडा तरंगतो, परत पंख मारतो. हे एकदा डोळ्यांत बसलं की पक्षी फर्लांगभर लांब असला तरी चालतं.

दुर्बीण कितीची आहे? ८ बाय ४२ असेल तर उत्तम. ८ म्हणजे आठ पट मोठं दिसणार, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. लोक मोठ्या आकड्याच्या मागे लागतात, पण बारा किंवा सोळा पटीची दुर्बीण हातात थरथरते आणि उडता पक्षी तिच्यात सापडत नाही. पक्षी दिसला की त्याच्यावरची नजर अजिबात हलवायची नाही, दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. खाली दुर्बिणीकडे बघून मग वर शोधायला गेलात की तो गेलेला असतो. आणि घिरट्या घेणाऱ्याच्या मागे दुर्बीण फिरवताना सूर्य कुठे आहे याचं भान ठेवा. डोळा कायमचा जाऊ शकतो.

माळावरची

काका, खूप आभार. दुर्बिणीवरचे आकडे पुसलेत, पण हातात थरथरत नाही. एक शंका. घारीची शेपूट दुभंगलेली असते असं वाचलं होतं. काल एक घार अगदी डोक्यावरून गेली, आणि शेपूट सरळ कापल्यासारखी होती. मग ती घार नव्हती का?

दुर्बीणवाले काका

घारच असेल. मिटलेल्या शेपटीत खाच दिसते. वळण्यासाठी तिने शेपूट पंख्यासारखी पसरली की खाच नाहीशी होते आणि कड सरळ दिसते. एकदा बघून सोडायचं नाही, मिटेपर्यंत थांबायचं.

रानवाट

तिसऱ्या पक्ष्याबद्दल थोडं थांबा. आमच्या इथे एक शिक्रा आहे असं मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत होतो. राखाडी पाठ, शेपटीवर पट्टे, तसंच पंख मारून तरंगणं, फांदीवर बसायचीही तीच रीत. लहान पाखरं त्याला बघून पळायची. वहीत चाळीसेक नोंदी झाल्या असतील. मग एके दिवशी पावसाळ्याच्या तोंडावर तो "शिक्रा" माझ्यासमोर फांदीवर बसला, गळा फुगवला आणि ओरडला, "पेर्ते व्हा! पेर्ते व्हा!"

पावशा होता तो. कोकिळेच्या कुळातला, आणि दिसतो हुबेहूब शिक्र्यासारखा. त्याची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडी घालते, आणि शिकारी पक्ष्याचं सोंग तिथे उपयोगी पडतं. ओळखायचं असेल तर चोच बघा. शिक्र्याची आखूड आणि आकड्यासारखी वाकलेली, पावशाची बरीचशी सरळ. डोळ्याभोवती पिवळी कडी दोघांकडे बघून वाटते, त्यामुळे डोळ्यावर जाऊ नका. हिवाळ्यात पावशा फारसा बोलत नाही, म्हणून या दिवसांत फसायची शक्यता जास्त.

सावलीखाली

@रानवाट, पेर्ते व्हा म्हणणारा शिक्रा! पण नोंदी फाडू नका, पावशाच्या म्हणून त्या तितक्याच मोलाच्या आहेत.

कातरवेळ

माझा अनुभव जरा वेगळा. मी शिकारी पक्षी शोधतच नाही, बाकीचे पक्षी मला सांगतात. टिटवी उगाच बोंबलत नाही. ती जमिनीवरून ओरडत उठली तर खाली कुत्रं किंवा मुंगूस बघा. हवेत चढून एकाच दिशेला ओरडत सुटली तर त्या दिशेला वर बघा. कोतवाल तर नावाप्रमाणेच वागतो. त्याच्यापेक्षा कितीतरी मोठ्या घारीच्या पाठीवर टोचे मारत तिला हद्दीबाहेर घालवताना मी कितीदा पाहिलंय. चार कावळे आकाशात कुणाच्या तरी मागे लागलेत असं दिसलं की दुर्बीण कावळ्यांवर नाही, त्यांच्या पुढच्यावर धरायची.

आणि माळावरचीताई, तुम्ही लिहिलेली ती दोन मिनिटांची शांतता. पाखरं अशी एकदम गप्प झाली की समजायचं, तो अजून गेलेला नाही, जवळपासच बसलाय.

चिंचेचा पार

थोडं विषयांतर करतो. शिकारी पक्षी पाळणाऱ्यांच्या भाषेत नर आणि मादीला वेगवेगळी नावं होती. बाज म्हणजे मादी, तिचा नर तो जुर्रा. बहिरी ससाण्यांत बहिरी ही मादी, तिच्या नराला बहिरी बच्चा म्हणत. याचं कारण साधं आहे. या कुळांत मादी नराहून चांगलीच मोठी असते आणि मोठी शिकार तीच करते, म्हणून मान तिला. आपण आज सरसकट ससाणा, बाज म्हणतो, जुन्या लोकांचं बारकाईने बघणं त्या शब्दांत होतं.

भिरभिरं

@चिंचेचा पार, हे माहीत नव्हतं. आणखी एक आश्चर्य, ससाणे हे घार-गरुडांचे जवळचे नातेवाईक नाहीतच. जनुकांच्या अभ्यासातून कळलंय की ते पोपटांच्या जास्त जवळचे आहेत. वाकडी चोच आणि नखं दोन्हीकडे वेगवेगळी घडत गेली.

माळावरची

पोपट!! हे बाबांना सांगते.

लांबभिंग

माझं मत थोडं कडक वाटेल. फोटोशिवाय ओळख म्हणजे अंदाज. तो पक्षी निघून गेला की वाद कसा मिटवणार? पहिल्या पक्ष्यावर वर दोघांचं जुंपलंय, एक बरा फोटो असता तर एका मिनिटात निकाल लागला असता. मी घरट्यांवरही काम करतो, तिथे पक्षी हमखास येतोच, दिवस वाया जात नाही.

सावलीखाली

फोटोचा उपयोग आहे हे मान्य. घरट्याचं मान्य नाही. मी हे आजवर कुठे लिहिलं नव्हतं, पण आता लिहिते.

सहा वर्षांपूर्वी मला एका बाभळीवर कापशीचं घरटं सापडलं. काटक्यांचा उथळ ओटा, आत तीन अंडी. माझा आनंद मावत नव्हता. एका आठवड्यात मी तीनदा गेले. प्रत्येक वेळी मादी उठायची, वर घिरट्या घालत बारीक किंचाळायची, आणि मी "पाचच मिनिटं" म्हणत अर्धा तास थांबायचे. तिसऱ्या दिवशी शेजारच्या लिंबावर दोन कावळे बसलेले दिसले. ते माझ्याकडे बघत होते. मला त्याचा अर्थ कळला नाही. चौथ्यांदा गेले तेव्हा घरट्यात काही नव्हतं. खाली गवतात कवचाचा एक तुकडा पडला होता, पिवळट, त्यावर तांबूस ठिपके. नखाएवढा. आत अजून ओल होती.

कावळ्यांना ते घरटं मी दाखवलं. मादी उठली नसती तर त्यांना कळलंही नसतं. त्यानंतर मी कुठल्याही घरट्याजवळ गेलेले नाही. पक्षी आपल्यामुळे उठला किंवा ओरडायला लागला, तर आपण जास्त जवळ आलोत. तिथून मागे फिरायचं.

कातरवेळ

ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

लांबभिंग

वाचलं. दोनदा वाचलं. मी लपण उभारतो आणि आत बसून राहतो, त्यामुळे पक्ष्याला त्रास होत नाही असं धरून चाललो होतो. पण लपणात जाताना आणि येताना मादी उठते, हे खरं आहे. यावर विचार करतो.

रानवाट

घरट्यांसारखंच मुक्कामाच्या जागांचंही आहे. भोवत्या पक्षी रात्री झाडावर नाही, माळावर गवतात जमिनीवर झोपतात, आणि एकेका ठिकाणी बरेच जण एकत्र. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून हिवाळ्यापुरते आलेले असतात ते. संध्याकाळी त्या गवतातून माणूस किंवा कुत्रं गेलं की सगळे उठतात आणि अंधारात दुसरी जागा शोधत फिरतात. गवत पेटवलं तर मुक्कामच संपला.

दुर्बीणवाले काका

मी गिधाडांच्या काळातला माणूस आहे. लहानपणी गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की तासाभरात तीस-चाळीस गिधाडं उतरायची. त्यांच्या पंखांचा वाऱ्यासारखा आवाज अंगावर यायचा. आम्ही मुलं त्यांना हाकलायचो, त्यांचं काही विशेष वाटायचं नाही. मग ती कमी होताहेत हे आमच्या लक्षातच आलं नाही. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली. कारण २००४ साली उजेडात आलं, गुरांना वेदना कमी करायला देत ते डायक्लोफेनॅक. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली.

म्हणून म्हणतो, "घारच आहे" म्हणून सोडू नका. घारीसुद्धा मोजा. तारीख घाला, वेळ घाला, किती दिसल्या ते लिहा. आमच्यापैकी कुणी गिधाडांची वही ठेवली असती, तर निदान केव्हापासून कमी झाली ते सांगता आलं असतं.

भिरभिरं

काका, उलट दिशेचंही एक उदाहरण आहे. नागालँडमध्ये दोयांग जलाशयाजवळ दरवर्षी अमूर ससाण्यांचे प्रचंड थवे उतरतात. आशियाच्या पूर्व टोकाकडून निघून, अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या दक्षिणेला जाताना वाटेत थांबतात. २०१२ मध्ये तिथे जाळी लावून त्यांची किती मोठी शिकार होते ते जगासमोर आलं. गावकरी एकत्र आले आणि २०१३च्या हंगामात शिकार बंद झाली. एका वर्षात.

चिंचेचा पार

रात्रीच्या शिकाऱ्यांना कुणी विचारत नाहीये. पक्षी न दिसताही तो काय करतो ते कळतं, त्यासाठी गव्हाणी घुबडाच्या बसायच्या जागेखाली बघा. घुबड उंदीर अख्खा गिळतं, आणि न पचलेलं केस-हाडं गोळी करून तोंडावाटे टाकतं. ताजी गोळी काळी, चकचकीत, अंगठ्याएवढी, वाळली की राखाडी होते.

मी एक पाण्यात भिजवून चिमट्याने उकलली होती (हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा). केसांच्या लगद्यातून एक कवटी निघाली, बोटाच्या पेरापेक्षा लहान, अख्खी. पुढचे दोन दात वाकडे आणि नारिंगी, पक्क्या हळदीच्या रंगाचे. मग दुसरी कवटी निघाली, मग तिसरी. एका गोळीत तीन उंदीर. शेजारच्या शेतकऱ्याला त्या तीन कवट्या ओळीने मांडून दाखवल्या. तो कितीतरी वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे हे माझ्याच शेतावर कामाला आहे."

सावलीखाली

क्या बात है! दिवसा शिकार करणाऱ्यांच्या गोळ्यांत मात्र एवढी हाडं मिळत नाहीत, त्यांच्या पोटात बरीचशी विरघळतात.

कातरवेळ

मूळ प्रश्न बाजूला राहिला. ताई, वेळेचंही लिहिते. सकाळी लवकर आकाशात बघू नका, खांब, तारा आणि बोडक्या झाडांचे शेंडे बघा. मोठे पंख मारत राहणं परवडत नाही, म्हणून ऊन पडून जमीन तापेपर्यंत ते बसून असतात. गरम हवा वर चढायला लागली की नऊ-दहाच्या सुमाराला एकेक उठतो आणि पंख न हलवता गोल गोल वर जातो. आणि पहिल्या पक्ष्यासाठी एवढंच, तो एका जागी थांबल्यावर खाली कसा येतो ते बघा.

दुर्बीणवाले काका

बरोबर. खरूची पाठीवरून विटकरी, शेपूट लांब, टोकाला काळा पट्टा. कापशीची शेपूट आखूड आणि पांढुरकी, खांद्यावर काळा डाग.

माळावरची

सगळ्यांना नमस्कार. सोळा दिवसांनी लिहितेय, मुद्दाम थांबले होते.

परवा सकाळी वाऱ्याच्या तोंडाशी उभी होते. तो पक्षी आला आणि माझ्यापासून पन्नास-साठ पावलांवर हवेत थांबला. पंख सारखे हलत होते, डोकं मात्र खिळ्याने ठोकल्यासारखं स्थिर. मग त्याने पाय खाली सोडले, दोन्ही पंख वर उचलून जोडल्यासारखे केले, आणि तसाच खाली उतरला. पडला नाही, उतरला, टप्प्याटप्प्याने. दोनदा मधेच थांबला. शेवटचे चार हात एकदम. वर आला तेव्हा पायात उंदीर होता. बाभळीवर बसल्यावर मला दुर्बिणीतून सगळं दिसलं. खांद्यावर शाई सांडल्यासारखा काळा डाग, अंग पांढरं, डोळा लालभडक. बसल्या बसल्या शेपूट खालीवर हलवत होता.

भिरभिरं

कापशी. शंकाच नाही. @सावलीखाली, तुमचं बरोबर होतं, मी घाई केली.

सावलीखाली

पाय सोडून, पंख वर धरून उतरणं हेच मला पाहिजे होतं. ताई, फोटोपेक्षा चांगलं लिहिलंत.

माळावरची

तिसरा पक्षी अजून सुटलेला नाही. राखाडी पाठ परत दोनदा दिसली, पण चोच दिसेपर्यंत वहीत फक्त "शिक्रा किंवा पावशा" असंच लिहितेय. आणि भोवत्या एक नाही, बरेच आहेत. अंधार पडता पडता माळाच्या एका कोपऱ्यात एकेक करून उतरतात. काल मी आणि बाबांनी मिळून मोजले, अकरा. दोन फिकट राखाडी, पंखांची टोकं काळी, ते नर ना? बाकीचे तपकिरी. बाबा पहिल्यांदाच आले होते. एक घार वरून गेली तर म्हणाले, "ही मात्र घारच, शेपूट पिळतेय बघ."

दुर्बीणवाले काका

राखाडी ते नरच. मादी आणि पिल्लं कुठल्या जातीची हे ओळखायला अनुभवी लोकही घाम गाळतात, तुम्ही तूर्त "भोवत्या मादी किंवा पिल्लू" एवढंच लिहा. वडलांना माझा नमस्कार सांगा.

लांबभिंग

अकरा भोवत्या एका जागी! ताई, जागा कळवाल का? लांबूनच बघेन.

माळावरची

दादा, जागा नाही सांगणार, राग मानू नका. ज्यांचं ते गवत आहे त्यांच्याशी बोललेय. ते बाकीचं कापतील, तेवढा कोपरा मार्चअखेर उभा ठेवायला तयार झालेत.

लांबभिंग

राग कसला. बरोबर आहे तुमचं. पक्षी परत गेले की सांगा, मी कॅमेरा न घेता येतो. मुक्कामाच्या जागी गोळ्या पडलेल्या असतील त्यांच्याही.

चिंचेचा पार

असणारच. चिमटा मी आणतो. त्यांच्या गोळ्यांत बहुतेक नाकतोडेच निघतील.